पंधरवड्यातली पेटी

भाजीवालीनं न विचारताच गवार आणि लाल भोपळ्याची फोड पिशवीत टाकली की ओळखावं, पितृपंधरवडा लागला. गणपतीचे मांडव उतरलेले असतात, त्यांचे खड्डे रस्त्यात तसेच असतात. पाऊस जातो म्हणतो आणि जात नाही. शहराच्या कडेला सोयाबीन पिवळं पडून उभं असतं आणि त्याचा ओला, कडवट वास संध्याकाळी आमच्या कॉलनीपर्यंत येतो. गादी, उशी, पुस्तकं, सगळं आंबल्यासारखं वाटतं. एरवी हुसकावून लावलेल्या कावळ्यांना या दिवसांत जावयाचा मान. लोक म्हणतात, हे पूर्वजांच्या आठवणीचे दिवस. असतील. मला हा ऋतू कधी आवडला नाही. सरळच सांगते, मला त्याची भीती वाटते.

आमच्या भागात या दिवसांत माणसं जरा कान देऊनच वावरतात. दरवर्षी पावसाळा संपता संपता कुठल्या तरी गावाहून बातमी येते, की जमिनीच्या पोटातून आवाज आला आणि लोकांनी रात्र देवळासमोरच्या पटांगणात काढली. मग कुणी अधिकारी येतो, घाबरू नका म्हणतो, अफवांवर विश्वास ठेवू नका म्हणतो. लोक मान डोलावतात आणि अंथरुणं बाहेरच टाकतात. लातुरातल्या कितीतरी स्वयंपाकघरांत मांडणीवर एका डब्यावर पालथा पेला आणि त्या पेल्यावर आणखी एक पेला ठेवलेला असतो. बाहेरून बदलून आलेल्यांना वाटतं, भांडी निथळायला ठेवलीत. ती निथळायला नसतात. जमीन हलली तर आधी ते पेले किणकिणावेत म्हणून असतात. माझ्याही घरी आहेत. मी कोचिंग क्लासमध्ये फिजिक्स शिकवते, तरी आहेत.

आमचं गाव औशाच्या पलीकडे. भूकंपात ते गेलं तेव्हा मी शाळकरी होते. अण्णा, म्हणजे माझे वडील, आणि धाकटा भाऊ पिंट्या त्यात गेले. आई आणि मी राहिलो, कारण त्या रात्री आम्ही दोघी बाहेर अंगणात झोपलो होतो. थोरला भाऊ सुधाकर शिकायला नांदेडला होता, म्हणून तोही राहिला. आता गाव दुसरीकडे वसलंय, रस्ते सरळ आहेत, घरं सारखी आहेत. श्राद्धाची तिथी मात्र गावभर एकच. त्या दिवशी घराघरातून एकाच वेळी पानं बाहेर येतात आणि कावळे कमी पडतात. पत्र्यावर वाढलेला भात वाळत जातो आणि बायका हात जोडून रिकाम्या आभाळाकडे बघत राहतात. मी ते एकदा पाहिलं. त्यानंतर आम्ही श्राद्ध लातुरातच घालतो.

तर अशा पंधरवड्यात, तीन वर्षांपूर्वी, माझ्या घरी सिंथेसायझर आला.

सिंथेसायझर म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे ऑर्केस्ट्रातला काळ्यापांढऱ्या पट्ट्यांचा कीबोर्ड येतो. हा तसा नव्हे. याला पट्ट्याच नाहीत. दारं नसलेलं एक उभं लाकडी कपाट, आणि त्यात ओळीनं बसवलेली काळ्या पत्र्याची पॅनेलं. प्रत्येक पॅनेलवर मुठीत मावतील असे जाड नॉब, बारीक पांढऱ्या रेघा, एक लाल दिवा आणि वायर खुपसायची भोकं. एक पॅनेल नुसता सूर काढतं. दुसरं तो सूर गाळतं. तिसरं त्याला हळूहळू फुगवतं आणि विझवतं. एक नुसतीच पावसासारखी खरखर करतं. या पॅनेलांची आपसात ओळख नसते. ती आपण करून द्यायची, वायरी जोडून. वायर जोडली नाही तर सगळं कपाट मुकं. फार जुनी घडण आहे ही, पण आजही काही खुळी माणसं घरात बसून हुबेहूब तशीच पॅनेलं बनवतात. पुण्याच्या अशाच एका खुळ्याकडून मी मागवली होती.

माझ्यासारख्या बाईला याचं वेड का लागावं, असं क्लासमधल्या सगळ्यांचं विचारून झालं. मी वर्षानुवर्षं फळ्यावर खडूनं लाटा काढत आले. लाट अशी चढते, अशी उतरते, दोन लाटा एकमेकींना छेदतात. पोरं उतरवून घेतात, मार्क मिळवतात, डॉक्टर होतात. लाट कुणाला मी कधी ऐकवली नव्हती, स्वतःलाही नाही. या कपाटापुढे बसलं की ती हातात येते. स्क्रीन नाही, आकडे नाहीत. नॉब केसभर फिरवला की सूर केसभर हलतो. आणि त्याची जी खोड सगळ्यांना गैरसोयीची वाटते, तीच मला ओढत होती. त्याला काही लक्षात राहत नाही. आज लावलेला आवाज साठवून ठेवायची सोयच नाही. वायरी उपसल्या की तो आवाज गेला. पुन्हा तस्साच लावू म्हटलं तरी लागत नाही, कारण जुन्या पद्धतीची ती सर्किटं हवेच्या उष्म्यानंही हलतात. दुपारी लावलेला सूर दिवेलागणीला आपोआप उतरलेला असतो, कुणी हात न लावता.

कपाट उदगीरच्या सलीमभाईंनी केलं. त्यांच्याकडे सुतारकाम पिढीजात. ते टेम्पोतून कपाट घेऊन आले तो दिवस नेमका पंधरवड्याचा पहिला. आई दारातच आडवी आली.

"पित्तरं चालू असताना नवी वस्तू घरात? डोकं फिरलं का तुझं, अंजे?"

सलीमभाई हसले. "नवी किधर की, अम्मा? लकडी पुराने दरवाजों की है. मेरे अब्बा से भी पुरानी."

आईचा चेहरा आणखी उतरला. "कुणाच्या घरची दारं?"

"अब किसको मालूम," सलीमभाई म्हणाले आणि कपाट उचलायला वाकले.

ते आत आलं. त्याच्याशेजारी लग्नाच्या डीजेवाल्याकडून जुना घेतलेला भलामोठा स्पीकर बसला. बारीक आवाजाचं सोडा, खालच्या आवाजाला तोच लागतो. आईनं कपाटाला हळदकुंकू लावलं नाही. पाठ करून बसली आणि गवार मोडायला लागली.

आईचं सांगायला हवं. ती माझ्याकडे राहायला आल्यापासून दरवर्षी एकच गोष्ट करायची. गणपती बुडाले की तिचं अंथरूण घरातून उठून ओट्यावर जायचं, ते दसऱ्यालाच आत यायचं. पाऊस असो, डास असोत. विचारलं तर म्हणायची, "आवाज यायलाय." कसला आवाज? "खालून." त्या वर्षी ओल बाधून तिला ताप भरला आणि खोकला छातीत बसला. सुधाकरचा नांदेडहून फोन आला.

"अंजली, आता बास. अमावास्या झाली की मी गाडी घेऊन येतो आणि तिला इकडं आणतो. डॉक्टरांशी बोललोय मी. गोळी सुरू केली की शांत झोपेल."

"तुझा फ्लॅट वरच्या मजल्यावर आहे, भाऊ."

"मग? लिफ्ट आहे की. आवाज जमिनीत नाही, तिच्या डोक्यात आहे. तुलाही कळतंय ते."

मला कळत नव्हतं. माझी आई गच्चीवर पापड वाळत घालायलासुद्धा चढत नाही. छपरावर छप्पर असलेल्या घरात तिला गोळी देऊन झोपवायचं म्हणत होता तो. ती तिथे फार दिवस काढणार नाही, असं मला स्पष्ट दिसत होतं. पण सुधाकरला सांगायचं तरी काय? आवाज मलाही येत नव्हता. ती घरात झोपली तरच ती माझ्याकडे राहणार होती, आणि ती घरात झोपत नव्हती.

ते दिवस मला अजून लख्ख आठवतात. दुपारी क्लास सुटला की मी घरी येऊन यंत्र सुरू करायची. लाल दिवे लागायचे. आधी त्याला तापू द्यावं लागतं. तेवढा वेळ ते नुसतं बसून राहतं आणि आपणही त्याच्यासमोर बसून राहतो. जुन्या सागवानाला ऊब लागली की वास सुटायचा, कुणाच्या तरी बंद खोलीचा. मग मी एक सूर घ्यायची आणि तो हळूहळू खाली न्यायची. त्यात मला गंमत वाटायची. एका ठिकाणी सूर संपतो आणि थरथर सुरू होते. कान सोडून देतो, पोट धरून ठेवतं. खोलीत कुणी काही बोलत नाही, तरी कुणीतरी येऊन बसल्यासारखं होतं. भिंतीवरची पाल सरसर वर जाऊन खिडकीबाहेर गेली, ती पुन्हा आली नाही.

अशाच एका दुपारी पाठमोरी बसलेली आई म्हणाली, "हा न्हाई."

"काय नाही?"

"मला येतो तो हा न्हाई. तो ह्याच्या लई खाली हाय."

इतक्या वर्षांत आम्ही तिला विचारलं होतं, आई, खरंच येतो का आवाज? कसा येतो, हे कुणी विचारलंच नव्हतं. मी नॉब फिरवला. "हा?"

"न्हाई. हा सरळ चालायलाय. तो सरळ न्हाई. दम घेतो, पुन्हा येतो."

दुसऱ्या दिवशी ती कपाटासमोर पाट टाकून बसली. मी तिला एवढंच दाखवलं, की वायर इथून काढून तिथं लावायची. बाकी तिनं हातानंच शिकून घेतलं. गॅस बारीक करावा तसा ती नॉब फिरवायची, ज्योतीकडे बघावं तशी लाल दिव्याकडे बघायची. कधी डोळे मिटून म्हणायची, "जवळ आलाय." हे ती इतक्या साधेपणानं म्हणायची की मी उठून खिडकी उघडायची. बाहेर तोच सोयाबीनचा वास असायचा. कुठेतरी मळणी यंत्र चालायचं आणि मला वाटायचं, ते तरी नक्की मळणी यंत्रच आहे ना?

मला तिला थांबवावंसं वाटत होतं. आपल्याच आईला आपण हे कशाला शोधायला बसवलंय? सापडलं नाही तर ती खुळी ठरणार. आणि सापडलं तर? त्याचा विचार मी करत नव्हते.

आमच्या श्राद्धाच्या दिवशी गच्चीच्या कठड्यावर मीच पान ठेवून आले. दोन पानं, एक मोठं, एक लहान. कावळा मोठ्या पानाला शिवला. लहान पानाकडे त्यानं पाहिलंसुद्धा नाही. आई खालून विचारत होती, "शिवला का गं?" मी हो म्हणाले.

जेवणं झाली. आई यंत्रासमोर बसली. तिनं एका सुराच्या जोडीला दुसरा घेतला, अगदी त्याच्याजवळचा, आणि दोन्ही खाली नेले. दोन सूर असे जवळ आले की एकमेकांना रेटतात आणि त्यांचे सावकाश ठोके पडायला लागतात. हे मी दरवर्षी शिकवते, आकृती काढून शिकवते. तिला ते कुणी शिकवलं नव्हतं. ठोके संथ होत गेले. मध्ये मोकळी जागा, पुन्हा ठोका. पावसासारख्या खरखरीच्या पॅनेलातून तिनं थोडंसं काही घेतलं आणि गाळून गाळून त्याची माती केली. मग तिनं नॉबवरचा हात काढला.

"ह्योच."

मला ते कानांनी ऐकू आलं असं म्हणता येणार नाही. फरशीतून आलं, पाटातून आलं, दातांत आलं. खूप खोलवर काहीतरी कूस बदलत होतं, थांबत होतं, पुन्हा बदलत होतं. आणि सर्वांत भयंकर गोष्ट ही, की मला ते ओळखीचं वाटलं. अंगणात झोपलेल्या शाळकरी पोरीच्या पाठीनं ते कधीतरी ऐकलं होतं. स्वयंपाकघरात पेले किणकिणले. मग भिंतीपलीकडे देशमुखकाकूंच्या घरातले किणकिणले. मग एक किंकाळी आली, आणि पाठोपाठ सगळी गल्ली.

"निघा! बाहेर निघा! लेकरं घ्या!"

मी धावत बाहेर गेले. लोक रस्त्यावर होते. कुणाच्या हाताला कणीक, कुणी नुसत्या बनियनवर. देशमुखकाका आपल्या म्हाताऱ्या सासऱ्यांना खुर्चीसकट उचलून आणत होते. मी ओरडून सांगितलं, "घाबरू नका, भूकंप नाही. माझ्या यंत्राचा आवाज आहे. घरातल्या यंत्राचा!"

काका थांबले. माझ्याकडे कीव येऊन बघितलं. "मॅडम, पेटीनं कुठं जमीन हलत असती का? घाबरलाव तुम्ही. पाणी प्या आधी."

"अहो, खरंच सांगते."

"आमचे पेले तर जेवायच्या आधीपासून किणकिणायलेत," काकू म्हणाल्या. "म्या ह्यांला म्हणले बी."

जेवायच्या आधी यंत्र बंद होतं. भीतीत माणसाला काहीही आठवतं, असं मी स्वतःला समजावलं. आणि तेवढ्यात ते थांबलं. एकदम. सगळ्या गल्लीला ते थांबल्याचं कळलं. रडणारं पोर गप्प झालं. कुणीच हललं नाही.

मी आत आले. आई पाटावरच होती. बटण चालूच होतं, लाल दिवे जळत होते. तिनं वायरी उपसल्या होत्या, सगळ्या, आणि त्या तिच्या मांडीवर पडल्या होत्या.

"त्यांला म्हणलं होतं मी," ती म्हणाली. अण्णांचं नाव ती घेत नाही. "चार दिस मी म्हणायले होते. खालून आवाज यायलाय, बाहेर निजू. म्हणले, सडकेनं ट्रक जात असंल. मी म्हणलं, बरं, तुमी ऱ्हावा, पिंट्याला तरी द्या माझ्याजवळ. म्हणले, गार हवा हाय, लेकरू आजारी पडंल." तिनं एक वायर उचलली, नीट गुंडाळली. "मला थांबवता येत नव्हतं तवा. आज मी थांबवलं. हातानं."

मी तिच्या मांडीवर डोकं ठेवून रडले. ती रडली नाही. वायरी गुंडाळत राहिली.

त्या संध्याकाळी गल्लीतल्या बायका तिच्याभोवती बसल्या. "आजी, तुम्ही तर कवापासून सांगायला होता," असं त्यांनी तिला दहादा ऐकवलं. ती नुसती हूं म्हणत होती. रात्री सगळी गल्ली रस्त्यावर झोपली आणि आई घरात. आतल्या खोलीत, पलंगावर, घोरत. मीही बाहेर झोपले नाही, तिच्या पायथ्याशी बसून राहिले. अमावास्या झाल्यावर सुधाकर गाडी घेऊन आला. दुपारी आई आत गाढ झोपलेली बघून तो दारातच थबकला. जेवला, तिच्या पायांवरून हात फिरवला आणि एकटाच परत गेला. त्यानंतर गोळीचा विषय निघाला नाही.

मी तो आवाज पुन्हा लावायचा खूप प्रयत्न केला. तेच सूर, त्याच वायरी. कधीच लागला नाही. आईला विचारलं तर म्हणाली, "एकदा बंद केला, आता कशाला?" यंत्रावर तिनं स्वतःची जुनी साडी घातली. अधूनमधून मी ती काढते, दिवे लावते, एखादा वरचा, हलका सूर घेऊन बसते. फळ्यावरची लाट ऐकायला मिळते, एवढं सुख मला पुरतं. खालच्या नॉबला मी हात लावत नाही.

आणि आता पुन्हा पंधरवडा आलाय.

परवापासून मला आवाज यायला लागलाय.

पहिल्या दिवशी मी यंत्राचा प्लग काढला. मग स्पीकरची वायर काढली. मग लाकडाला कान लावला. लाकूड गप्प होतं. पेले गप्प आहेत. मी फिजिक्सची बाई, मला दहा कारणं माहीत आहेत. कानाचा आजार असतो. वय झालं की रक्त वाहिल्याचा आवाज येतो. मनात बसलेला सूर बाहेरून आल्यासारखा वाटतो. सगळी कारणं मी स्वतःला शिकवली. आवाज दम घेतो आणि पुन्हा येतो. सुधाकरला फोन केला, तर तो म्हणाला, "सोयाबीनचा हंगाम आहे, अंजली. हार्वेस्टर असेल." वाईट वाटलं नाही. मीही त्याला हेच म्हटलं असतं.

आज संध्याकाळी राहवलं नाही. आई स्वयंपाकघरात कढी ढवळत होती. मी दारात उभी राहिले आणि म्हणाले, "आई, मला ऐकू यायलंय."

तिनं मागे वळून बघितलं. काय, कसलं, कधीपासून, काही विचारलं नाही. गॅस बंद केला. पदराला हात पुसले.

"तुला येतंय का?" मी विचारलं.

"मला न्हाई यायलं," ती म्हणाली. "तुला यायलंय नव्हं? चल."

तिनं माझं मनगट धरलं. बाहेर अजून उजेड होता, गल्लीत पोरं खेळत होती, सगळं रोजच्यासारखं होतं. मला लाज वाटायला लागली. मी म्हणाले, "आई, लोक हसतील गं." तिनं ऐकलं नाही. देशमुखांच्या फाटकाची कडी तिनं जोरजोरात वाजवली, आणि एवढ्याशा छातीतून निघेल असं मला कधी वाटलं नसतं, अशा आवाजात ती ओरडली,

"बाहेर निघा! माझी लेक सांगायलीय!"